किती आंबट आणि कसं आंबट

मला बघायला एकूण सहा मंडळी आली आणि त्यांतल्या चौघांनी एकच प्रश्न विचारला. "मुलगी ठाण्याला नोकरीला जाते म्हणता, पण तिथं करते काय?" माझे वडील शाळामास्तर, त्यांना गोष्ट सजवून सांगता येत नसे. ते म्हणायचे, "आंबटपणा मोजते." मग "कशाचा?" हा पुढचा प्रश्न येई आणि वडील यादी सांगायला लागत. दूध, तेल, सिरका, आसवं. एका गृहस्थांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "आसव म्हणजे दारूच की नाही?" वडील म्हणाले, "ते हीच ठरवते." ती मंडळी पुन्हा डोंबिवली स्टेशनात उतरली नाहीत.

तेव्हा दारूबंदी अगदी नवीन होती. 'दारू' हा शब्द लोक घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारत. आणि मी, एका मास्तरांची बी.एस्सी. झालेली मुलगी, दिवसभर तोच शब्द रजिस्टरात लिहीत होते. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी कधी लागले, कधी बढती मिळाली, कधी निरोपाचा नारळ हातात पडला असं लिहायला बसले होते. दोन पानांनंतर मलाच जांभई आली. तेव्हा ते सगळं बाजूला ठेवते आणि कल्याणच्या एका माठाची हकिगत सांगते. चौतीस वर्षांत माझा सगळ्यांत अचूक आकडा सगळ्यांत जास्त चुकला तो त्या माठापाशी.

आमची प्रयोगशाळा ठाण्यात जांभळी नाक्याजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. साहेब, मी आणि बाटल्या धुणारे एक काका, एवढाच पसारा. गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या सगळ्या काचा थरथरत, म्हणून नाजूक कामं आम्ही गिरणीवाला जेवायला गेला की उरकून घेत असू. कपाळावरचं कुंकू आणि वेणीवरचं पीठ अशा अवतारात मी संध्याकाळी घरी पोचे.

आंबटपणा मोजण्यात काही जादू नाही. आंबट वस्तूत क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडायचं. आंबट आणि क्षार एकमेकांना गप्प करतात. किती क्षार लागला यावरून आंबट किती होतं ते कळतं. क्षार सोडायला ब्युरेट असते, म्हणजे हातभर लांब, आकडे कोरलेली काचेची नळी आणि तिला खाली तोटी. ज्याचा आंबटपणा मोजायचा त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकलेले असतात. आंबटपणा शिल्लक आहे तोवर ते औषध काहीच करत नाही, आणि तो संपला की एका थेंबासरशी सगळं गुलाबी होतं. त्या एका थेंबावर आमचं पोट होतं. हात जरा सैल पडला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून.

द्राक्षाच्या मालात दोन भानगडी असतात. एक म्हणजे तो मुळातच काळपट लाल, त्यात गुलाबी दिसणार कुठून? म्हणून त्यात भरपूर पाणी घालायचं आणि काचेच्या काडीनं थेंब थेंब उचलून लिटमसच्या कागदावर लावून बघायचा. दुसरी भानगड म्हणजे आंबताना त्याच्या पोटात वायू धरतो. तो वायूही आंबट म्हणून मोजला जातो, आणि चांगल्या मालावर उगाच आळ येतो. म्हणून मोजण्याआधी माल जरा गरम करून वायू घालवायचा. हे मी एकदा विसरले होते. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, फक्त चिठ्ठ्या पाठवत होते, तेही एकाच खोलीत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. चरईतल्या एक ख्रिस्ती आजी दर नाताळाच्या आधी पदराखाली बाटली घेऊन येत. घरी द्राक्षं आंबवून केलेला माल. घरात शिपाई आलाच तर दाखवायला म्हणून त्यांना आमच्याकडून 'हा सिरका आहे', म्हणजे नुसतं व्हिनेगर, असा कागद हवा असे. मी इमानेइतबारे मोजायची आणि सांगायची, "आजी, हा सिरका नाही. बूच काढून ठेवा, दोन महिन्यांत होईल. मग या, लगेच लिहून देते."

आजी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायच्या. "दोन मयने कोन ठेवील गो? तवर नाताल येल." आणि बाटली पुन्हा पदराखाली जायची. कायद्याचं ज्ञान त्यांना माझ्याहून थोडं कमी होतं, पण मालाचं कितीतरी जास्त.

आता कल्याणचे शास्त्रीबुवा. पारनाक्याजवळ त्यांचं घर. ओटीवर रोगी, माजघरात काढे आणि मागच्या पडवीत भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरलेले तीन मोठे माठ. चार पिढ्या त्या माठांत द्राक्षासव होत आलं होतं. काळ्या मनुकांचा काढा, गूळ, आंबण्यासाठी धायटीची फुलं. माठाला आतून तूप चोळायचं, तोंडाला कापडमाती लावायची आणि महिनाभर विसरून जायचं. महिन्यानंतर मात्र विसरायचं नाही. कापड सैल करून रोज सकाळी चव बघायची, आणि तयार झालं त्याच दिवशी गाळून बाटल्या भरायच्या. आधी गाळलं तर कच्चं. उशीर झाला तर हवा लागून सिरका. सगळी विद्या तो एक दिवस ओळखण्यात होती.

शास्त्रीबुवांना याला कोणी वाइन म्हटलेलं चालत नसे. त्यांच्या मते वाइन लोक घ्यायची म्हणून घेतात, आसव वैद्य देतो म्हणून घेतात. पण आंबलेल्या द्राक्षांना हा फरक कळत नाही. त्यामुळे दारूबंदीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परवाना घ्यायला लावला आणि अट घातली की प्रत्येक माठातला माल विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासायचा. मद्यार्क मर्यादेत हवा आणि माल आंबून गेलेला नको.

पहिल्या वेळी ते स्वतः ठाण्याला आले. पांढरं धोतर, काळी टोपी, नाकाला तपकिरीचा डाग. मी ब्युरेट लावत होते. ते हात मागे बांधून बघत उभे राहिले.

"किती वेळ लागतो याला?"

"अर्धा तास."

"मला एक पळी पुरते," ते म्हणाले. "आणि मला आकडे कोरावे लागत नाहीत." असं म्हणून त्यांनी जीभ जराशी बाहेर काढून दाखवली. साठीच्या गृहस्थांनी मला जीभ दाखवण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

माल उत्तम निघाला. आता माझी हौस सांगते. सगळे अहवाल इंग्रजीत जायचे, पण मास्तरांची मुलगी असल्यामुळे मला मराठीची खाज होती. शास्त्रीबुवांसाठी मी सबंध अहवाल शुद्ध मराठीत, टाकाच्या अक्षरात लिहिला. आम्लता इतकी, मद्यार्क इतका, माल निर्दोष. शास्त्रीबुवा खूष झाले. घरी झोपाळ्यावर बसून त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, असं मला नंतर कळलं. त्या अहवालाचा मला बरेच दिवस अभिमान होता.

पुढच्या माठातला माल आला आणि मर्यादेपेक्षा फारच आंबट निघाला. मी दोनदा मोजलं. मग माझं लक्ष ज्या तांब्यातून माल आला होता त्याकडे गेलं. पितळी तांब्या असा लखलखत होता की त्यात माझं नाक दिसत होतं. सरकारी कामाला जायचंय म्हणून घरी तो चिंचेनं घासला होता, आणि नीट विसळला नव्हता. चिंचेत आणि द्राक्षात आम्ल एकाच जातीचं असतं. मी मनातल्या मनात नाचले, दोष तांब्यावर टाकला आणि आमची धुतलेली काचेची बाटली कल्याणला पाठवली. त्याच माठातला माल त्या बाटलीतून परत आला. तो तितकाच आंबट होता, सिरक्याच्या वाटेला लागलेला.

तो माठ ओतून द्यावा लागला. त्याच्या मागचाही गेला. अधिकारी माणूस वाईट नव्हता. तो शास्त्रीबुवांना म्हणाला, "लागोपाठ तिसराही असाच निघाला तर परवान्याची मुदत वाढवायची शिफारस मी कोणत्या तोंडानं करू?" म्हणजे चार पिढ्यांचं द्राक्षासव त्या तिसऱ्या माठावर येऊन थांबलं. शास्त्रीबुवांनी यावर काय केलं असेल? ते ठाण्याला आले आणि साहेबांना म्हणाले, "तुमची नळी बिघडली आहे."

साहेब भडकले. पण ते तत्त्वाचे होते. त्यांनी मला हुकूम सोडला, "कल्याणला जा. नळी घेऊन जा. त्यांच्या डोळ्यांदेखत मोज."

मी डोंबिवलीहून उलट्या दिशेला निघाले. ब्युरेट छत्रीच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. वाटेत तिघांनी विचारलं, "आत काय आहे?" मी तिघांना सांगितलं, "सतार." कोणी आश्चर्य दाखवलं नाही.

पडवीतल्या खांबाला एक खुंटी होती, तिला ब्युरेट बांधली. शास्त्रीबुवांनी माठाचं कापड सैल केलं, पळी बुडवली, डोळे मिटून घोट घेतला आणि जिभेवर बराच वेळ घोळवला. तो सोहळा खरोखर बघण्यासारखा होता. "अजून चार दिवस," ते म्हणाले. "मनुकांचा आंबटपणा मुरायचा आहे." मी मोजलं आणि आकडा लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. आकडा जरासा वर गेला होता. माठात मुरायला लागलेला आंबटपणा खाली येतो, वर जात नाही. पण माझी अडचण अशी की माझी नळी फक्त किती आंबट ते सांगते. तो आंबटपणा मनुकांचा की सिरक्याचा हे तिला ओळखता येत नाही. ते ओळखायला माल प्रयोगशाळेत नेऊन ऊर्ध्वपातन करावं लागे, म्हणजे वाफ करून ती थंड करून मोजावी लागे. ते ठाण्यात होऊन मी उत्तर घेऊन येईपर्यंत माठ थांबणार नव्हता. मी स्वतः पळीभर चाखून बघितलं. मला ते औषधासारखं लागलं. त्याहून जास्त माझ्या जिभेला काही कळलं नाही.

शास्त्रीबुवांनी पळी बुडवली. "अजून तीन दिवस," ते म्हणाले आणि तपकिरीची डबी उघडत ओटीवर रोगी बघायला गेले.

मी चहाला स्वयंपाकघरात गेले. माई म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी. लहानखुऱ्या, हसऱ्या, कामात हात थांबत नसे. काल दिवसभर त्या माझ्याशी फक्त 'साखर हवी का' एवढंच बोलल्या होत्या. आज त्यांनी चहा पुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "काय म्हणाले ग ते?"

"अजून तीन दिवस."

माईंचे हात थांबले. "वास तर सांगतोय की आज नाहीतर उद्या. परवाला गेलं बघ ते."

मी कप खाली ठेवला. "माई, तुम्हाला कळतं यातलं?"

त्यांनी ओटीकडे एकदा कान दिला आणि मग सगळं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी एकदा त्या आमटीत मीठ घालायला विसरल्या होत्या. शास्त्रीबुवा दोन वाट्या आमटी जेवले आणि म्हणाले, आज आमटी उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी माईंनी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. तीही उत्तम झाली. "तपकिरीनं खाल्लं सगळं," माई म्हणाल्या. "नाक गेलं, पाठोपाठ चव गेली. पण यांना कोण सांगणार? सगळं कल्याण यांच्या जिभेचं नाव घेतं."

तेव्हापासून रोज पहाटे शास्त्रीबुवा उठायच्या आत माई माठात बोट बुडवून चाखत. आणि शास्त्रीबुवांनी पळी तोंडाला लावून काहीही सांगितलं तरी दिवस माईच ठरवत, पंचांग हातात घेऊन. शास्त्रीबुवा म्हणाले, आज गाळू, आणि माल कच्चा असला, तर माई म्हणत, "अहो, आज भद्रा आहे, परवा गाळा." ते म्हणाले, अजून चार दिवस, आणि माल तयार असला, तर, "उद्यापासून पंचक लागतंय, आजचाच दिवस चांगला." शास्त्रीबुवा पंचांगाला फार मानत. दहा वर्षं एकही माठ बिघडला नाही.

"मग आता काय झालं?"

माई माझ्याकडे बघून हसल्या, पण त्यांचं हसू जरा अडखळलं. "अगं, तूच लिहिलंस ना त्यात मद्य आहे म्हणून?"

मला आधी काही कळेना. मग एकेक उलगडत गेलं. आदल्या वर्षी हळदीकुंकवाला भगिनी मंडळाच्या बायकांनी दारूबंदीची शपथ घेतली होती. माईंनीही घेतली, देवीपुढे, हातात फूल घेऊन. द्राक्षासव हे औषध, त्याचा शपथेशी संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. इंग्रजी अहवाल आला असता तर तो टाचणीला लागून पडला असता. पण माझा शुद्ध मराठी अहवाल शास्त्रीबुवांनी झोपाळ्यावर बसून मोठ्यानं वाचला. "मद्यार्क इतका." माई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माठात बोट बुडवणं बंद केलं. नुसत्या वासाच्या भरवशावर पंचांग उघडायचा त्यांना धीर नव्हता.

मी कपाळाला हात लावला. माझ्याच सुंदर अक्षरानं दोन माठ सांडले होते. जो आंबटपणा मी इतक्या काटेकोरपणे मोजत होते, तो माझ्या आधीच्या मोजणीतून आला होता. मला खूप शरम वाटली, आणि थोडं हसूही आलं, ते मी चहात लपवलं.

मग मी उपाय सुचवायला लागले. "माई, मी तुम्हाला मोजायला शिकवते. चुन्याची निवळी करायची, हळदीचा कागद करायचा. निवळीचे थेंब मोजायचे. कागद तांबडा झाला की..."

माईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. "थेंब मोजीन ग मी. पण त्यातून किती आंबट तेच कळणार ना? कसं आंबट ते कसं कळेल?"

साहेबांनी मला जे सहा महिन्यांत शिकवलं होतं ते त्या एका वाक्यात म्हणाल्या. मी चुना आणि हळद दोन्ही सोडून दिलं.

"शपथेचे शब्द नेमके काय होते?" मी विचारलं. प्रयोगशाळेत राहून अटी वाचायची सवय लागते.

माईंनी डोळे मिटून पाठ म्हणून दाखवलं. "वैद्याने औषध म्हणून दिल्याखेरीज मद्याला शिवणार नाही."

"माई, तुमच्या घरात वैद्य आहेत."

त्या हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. "ते माझी नाडी कशाला बघतील? अगं, सगळ्या कल्याणची बघतात. माझं डोकं दुखलं तर मी फळीवरची पुडी घेते आणि कामाला लागते. पंचेचाळीस वर्षांत एकदा नाही धरली." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. घरातल्या माणसांची नाडी कोणी बघत नसतं, इतकाच त्याचा अर्थ होता. पण ते ऐकून माझं हसू गेलं.

"यांना काही कळू द्यायचं नाही हं," माई म्हणाल्या. "जीभ गेली हे त्यांच्या कानावर माझ्याकडून जायला नको. आणि तुझ्याकडूनही."

मी वचन दिलं. मग माजघर ओलांडून ओटीवर गेले आणि दुसरंच काहीतरी बोलले. "शास्त्रीबुवा, माईंचा चेहरा मला बरा वाटत नाही. डोळे ओढलेले दिसतात. तुम्ही एकदा बघा ना." यात खोटं काही नव्हतं. दोन माठ ओतून दिल्यावर आणि तिसऱ्यावर परवाना लटकत असताना कोणाचा चेहरा बरा दिसेल? माझा बेत साधा होता. शास्त्रीबुवा नाडी बघतील, अशक्तपणा म्हणतील, आणि अशक्तपणाला त्या घरात एकच औषध होतं.

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे असं बघितलं की घरातल्या रोगाची बातमी ठाण्याहून आली याचं त्यांना वाईट वाटलं असावं. ते उठून आत आले. माई गडबडून उभ्या राहिल्या आणि पिठाचे हात पदराला पुसायला लागल्या. शास्त्रीबुवा पाटावर बसले. "बस," ते म्हणाले. माई बसल्या.

त्यांनी माईंचा हात हातात घेतला आणि तीन बोटं मनगटावर ठेवली. रोग्याची नाडी ते मिनिटभर बघत, मी ओटीवर बघितलं होतं. इथं बराच वेळ गेला. बोटं आधी वैद्यासारखी होती. मग ती जरा सैल झाली आणि तशीच राहिली. माई खाली बघत होत्या, कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. मी तिथं असायला नको होतं, पण बाहेर जायचं तर दोघांच्या मधूनच जावं लागलं असतं.

"नाडी ठीक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "जरा चपळ आहे, इतकंच." मग त्यांनी वैद्यकीतली पुढची पायरी घेतली. "जीभ बघू."

माईंनी शाळेतल्या मुलीसारखी जीभ काढली. शास्त्रीबुवा पुढे वाकले. त्यांनी ती डाव्या बाजूनं बघितली, उजव्या बाजूनं बघितली. मी मनात औषधाचं नाव तयार ठेवलं होतं. ते आलं नाही. शास्त्रीबुवा मागे टेकले आणि त्यांनी चष्मा काढला.

"तुझी जीभ फार चांगली आहे," ते म्हणाले. "माझी गेली ग. दहा वर्षं झाली."

स्वयंपाकघरात चुलीवरचं पाणी उकळत होतं, ते कोणी उतरवलं नाही. माईंनी हात सोडवून घेतला नाही आणि वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, ते मी पिठावर ढकललं.

"पळी बुडवतो, डोळे मिटतो आणि जे मनात येईल ते सांगतो," शास्त्रीबुवा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू मागे काहीतरी करत होतीस, त्यावर सगळं चाललं होतं. ते थांबलं तेव्हा मला कळलं. विचारायची हिंमत झाली नाही."

"शपथ घेतली होती, वैद्याने दिल्याखेरीज मद्याला शिवणार नाही म्हणून," माई इतकंच म्हणाल्या.

शास्त्रीबुवा सावरून बसले. मग चष्मा पुन्हा लावला आणि ओटीवर रोग्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "अशक्तपणा आहे. द्राक्षासव, माठातलं, एक पळी. रोज सकाळी. आणि कसं लागलं ते वैद्याला सांगायचं. न सांगता घेतलेलं औषध लागू पडत नाही."

तिघंही पडवीत गेलो. शास्त्रीबुवांनी स्वतः कापड बाजूला केलं आणि पळी भरून माईंच्या हातात दिली. माईंनी ती लगेच तोंडाला लावली नाही, आधी देवघराच्या दिशेनं मान वळवून काहीतरी पुटपुटल्या. मग घोट घेतला. डोळे मिटले नाहीत, जिभेवर घोळवलं नाही. गिळलं आणि पदरानं ओठ पुसले.

"मनुकांचं आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण कडेनं टोचायला लागलंय. आजच गाळा. जेवणाच्या आधी."

शास्त्रीबुवांनी धोतर खोचलं, ओटीवरच्या रोग्यांना दुपारी यायला सांगितलं आणि गाळायचं कापड मागितलं. माठ दुपारपर्यंत रिकामा झाला आणि बाटल्या रांगेनं पडवीत उभ्या राहिल्या. मी शेवटच्या बाटलीतला माल घेतला, गरम करून वायू घालवला, पाणी घातलं आणि खुंटीला बांधलेल्या ब्युरेटनं थेंब थेंब मोजला. आकडा मर्यादेच्या आत होता. मी तो दोनदा तपासला आणि कागदावर लिहिला.

मग मी तो कागद हातात धरून पडवीत बराच वेळ उभी राहिले. माई बुचं भिजवत होत्या, शास्त्रीबुवा त्यांना बाटल्या देत होते. दोघांपैकी कोणीही मला आकडा विचारला नाही.